शंभर मिलिग्रॅमचा माग

अस्सल कागद आणि बखर यांतला फरक इतिहासाच्या वाचकाला नव्याने सांगावा लागत नाही. कागद घटनेच्या सुमारास लिहिलेला. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. बखर मागाहून रचलेली. लढाईचा निकाल तिच्या पहिल्या पानापासूनच डोकावत असतो. वैद्यकाच्या इतिहासात बखरींचे पीक मोठे आहे. पारितोषिक घेताना केलेली भाषणे, निवृत्तीनंतरच्या आठवणी, संस्थांची सुवर्णमहोत्सवी पुस्तके. त्या टाकाऊ नसतात. पण त्यांच्यावर विसंबून तारीख ठरवू नये आणि हेतू तर मुळीच ठरवू नये.

हे सांगायचे कारण असे. कर्करोग अंगभर पसरला, गाठ कापण्याची वेळ निघून गेली, तरी डॉक्टर अनेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहून देतात. गाठीसाठी नव्हे. दोन घास जावेत, अंगात थोडे त्राण यावे, मेंदूतली सूज उतरून डोके दुखायचे थांबावे, म्हणून. हा उपचार आला कुठून, असे विचारले तर बखर एकच गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताच्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले, ती उठून चालू लागली आणि मग हे औषध सगळ्या आजारांत शिरले. समकालीन छापील कागद तारीखवार मांडले की ही गोष्ट जागोजागी उसवते.

पहिला कागद १९४४ चा. ‘एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकाच्या ३४व्या खंडात फोर्डाइस हाइलमन आणि एडवर्ड केंडल यांचा पाच पानांचा लेख आहे. दोघेही मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकचे. केंडल रसायनशास्त्रज्ञ. मूत्रपिंडाच्या माथ्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या बाहेरच्या थरातून त्यांनी १९३० नंतरच्या दशकात एकेक संयुग वेगळे काढले आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरे देऊन टाकली. त्यांतले ‘ई’ म्हणजे पुढचे कॉर्टिसोन. १९४४ च्या लेखाचा विषय संधिवात नाही. उंदरांतल्या एका मारक गाठीवर, लसिका ऊतींच्या कर्करोगावर, संयुग ईचा काय परिणाम होतो हा आहे. गाठी आक्रसल्या. म्हणजे त्या बाईला सुई टोचण्याच्या चार वर्षे आधी, त्याच गावात, हेच संयुग कर्करोगावर वापरून पाहिले गेले होते. बखरीत हे प्रकरण आले तर एखाद्या ओळीत येते.

त्या काळी या संयुगांवर सरकारी पैसा लागला त्यालाही संधिवात कारण नव्हता. महायुद्ध चालू होते आणि जर्मन वैमानिकांना ॲड्रिनल ग्रंथीचा अर्क टोचतात, म्हणून ते फार उंचावरून विमाने नेऊ शकतात, अशी अफवा होती. अफवेचा पाया कुणाला सापडला नाही, पण तिच्यापोटी संशोधन मात्र झाले. मर्क कंपनीचे तरुण रसायनशास्त्रज्ञ लुइस सॅरेट यांनी १९४४ च्या अखेरीस गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून सुरुवात करून, तिसाहून अधिक पायऱ्या चढत, संयुग ई तयार केले. हाती आले ते मिलिग्रॅमच्या हिशेबात.

हेंच यांना ते हवे होते वेगळ्याच ओढीने. एप्रिल १९२९ मध्ये ६५ वर्षांच्या एका रुग्णाने, जो स्वतः डॉक्टर होता, त्यांना सांगितले की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले. कावीळ काही आठवड्यांत गेली, आराम कित्येक महिने टिकला. काविळीत किंवा गरोदरपणात शरीरात असे काही तयार होते की ज्याने सांध्यांची आग शमते, अशी हेंच यांची धारणा झाली आणि ते त्या पदार्थाच्या मागे लागले. १९४१ मध्ये केंडल यांच्याशी बोलताना संयुग ई वापरून पाहावे असे ठरले. वापरायला पदार्थ मिळायला आणखी सात वर्षे गेली.

१९४८ च्या सप्टेंबरबद्दल तीन साधने आहेत. पहिले, १३ एप्रिल १९४९ चा मेयो क्लिनिकच्या सभावृत्तान्तातला प्राथमिक अहवाल. त्यावर हेंच, केंडल, चार्ल्स स्लोकम आणि हॉवर्ड पॉली अशी चार नावे आहेत. दुसरे, डिसेंबर १९५० मधले हेंच यांचे नोबेल व्याख्यान. तिसरे, पॉली आणि स्लोकम यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या आठवणी. यांतले पहिले अस्सल. उरलेली दोन बखरीच, जरी त्या प्रत्यक्षदर्शींच्या असल्या तरी. तिन्ही ताडून पाहिल्यावर घटनाक्रम असा लागतो. २९ वर्षांची एक स्त्री जुलैअखेर रुग्णालयात आली. मुद्दाम कावीळ घडवून आणण्याचा प्रयोग तिच्यावर करून झाला होता. उपयोग झाला नव्हता. घरी जायला ती तयार नव्हती. ४ सप्टेंबरला मर्क कंपनीला पत्र गेले. २१ सप्टेंबर, मंगळवार, पहिली सुई. मात्रा ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दोन दिवसांनी सकाळी तिला अंथरुणात सहज कूस बदलता आली. आठवडा भरला त्या दिवशी ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली.

दिवसाला १०० मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवावा.

मात्रा एवढी मोठी का, याला थोडा नशिबाचाही भाग आहे. जवळ फार तर काही ग्रॅम पदार्थ. रोज १०० मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅम दहा दिवसांत संपणार. काटकसरी माणसाने दिवसाला दहा मिलिग्रॅम देऊन पाहिले असते, काही झाले नसते आणि संयुग ई कपाटात परत गेले असते.

१९४९ चा अहवाल वाचताना सगळ्यांची नजर चालण्या-फिरण्याच्या नोंदींवर जाते. लेखकांचीही तिथेच होती. अहवालात १४ रुग्ण आहेत. सांध्यांची सूज, ताठरपणा, रक्तातला तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग यांची बारीक नोंद आहे. पण आपल्या कामाच्या नोंदी जरा कडेला आहेत. रुग्णांची भूक झपाट्याने वाढली. वजने वाढली. मनाला उभारी आली, काहींना तर जरा जास्तच. औषध थांबवले की दुखणे परतले. भूक आणि उभारी यांना तिथे मानाचे पान नाही. मुख्य परिणामाच्या सोबत आलेल्या गोष्टी म्हणून त्या टिपल्या आहेत. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी २३ रुग्णांचा सविस्तर वृत्तान्त छापला. त्यात औषधाच्या दुसऱ्या बाजूचाही हिशेब आला: चेहरा गोल होणे, अंगावर पाणी चढणे, मन बिघडणे. हेंच यांनी कॉर्टिसोनला कधीही रोग बरा करणारे औषध म्हटले नाही. रोगाचे मूळ तसेच राहते आणि ऊतींना त्याची झळ लागत नाही एवढेच, हे त्यांचे म्हणणे पहिल्यापासून होते. वर्तमानपत्रांनी ते ऐकले नाही.

१९४९ सालीच न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातून ओलोफ पीअरसन आणि सहकाऱ्यांचा लेख ‘कॅन्सर’ नियतकालिकात आला. हॉजकिनचा आजार, लसिका पेशींचा रक्ताचा कर्करोग, अशा रुग्णांना कॉर्टिसोन किंवा तसेच द्रव्य शरीरात तयार करायला लावणारे एसीटीएच हे संप्रेरक दिले तर गाठी भराभर लहान होतात. काही आठवड्यांत त्या पुन्हा वाढतात. उंदरांवरचा १९४४ चा निष्कर्ष इथे माणसांत उतरला. रक्ताच्या आणि लसिकेच्या कर्करोगांवरील उपचारांत कॉर्टिसोनच्या जातीचे औषध, म्हणजे स्टेरॉइड, तेव्हा शिरले ते आजही तिथेच आहे, इतर औषधांच्या जोडीला. पण ही गाठीवरची चाल झाली. त्रासावरच्या उपायाची वाट वेगळी आहे आणि ती फार काळ रिकामीच दिसते. कारण शोधायला लांब जायला नको. १९४९ मध्ये कॉर्टिसोनचा भाव ग्रॅमला २०० डॉलर होता. १०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने रोजचे २० डॉलर. मरणाच्या दारातल्या माणसाला केवळ भूक लागावी म्हणून ते कोण देणार?

ती वाट उघडली पोटाकडून नव्हे, डोक्याकडून.

इथेही बखर एका गावाचे नाव घेते आणि कागद तीन गावांची. १९५२ मध्ये बॉस्टनचे शल्यचिकित्सक फ्रँक इंग्रॅहम आणि सहकारी यांनी पिट्युटरी ग्रंथीजवळच्या गाठी काढताना कॉर्टिसोन दिले. ग्रंथी दुखावली तर शरीराचे स्वतःचे संप्रेरक कमी पडेल, म्हणून. शस्त्रक्रियेनंतरची मेंदूची सूजही कमी राहिली. १९५७ मध्ये शिकागोहून सॅम कोफमन आणि सहकाऱ्यांचा लेख आला: स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरलेल्या रुग्णांना प्रेडनिसोलोन. शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. लक्षणे उतरली. माझ्या मते पसरलेल्या कर्करोगात केवळ त्रास कमी करण्यासाठी स्टेरॉइड दिल्याची जुन्यातली ठळक नोंद हीच. तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते, कारण चार वर्षांनी मिनियापोलिसचा लेख आला आणि त्याने सगळे श्रेय नेले.

मिनियापोलिस रोचेस्टरपासून दोनेक तासांच्या अंतरावर. तिथल्या विद्यापीठात जोसेफ गॅलिसिच हे तरुण शल्यचिकित्सक आणि लाइल फ्रेंच हे त्यांचे ज्येष्ठ. १९६१ च्या त्यांच्या लेखांतले औषध नवे होते. डेक्सामेथासोन १९५८ मध्ये तयार झाले. मर्कच्या ज्या चमूने ते जाहीर केले त्यात पुन्हा लुइस सॅरेट. ते कॉर्टिसोनपेक्षा कित्येक पटींनी जालीम, आणि मीठ-पाणी शरीरात धरून ठेवण्याचा जुन्या औषधांचा दोष त्यात नावापुरताच. सुजलेल्या मेंदूला पाणी साठणे परवडत नाही, म्हणून हा गुण मोलाचा. गाठीभोवतालच्या केशवाहिन्या झिरपतात, पाणी मेंदूच्या ऊतीत उतरते, कवटी तर पसरत नाही. मग डोके ठणकते, उलट्या होतात, एक बाजू लुळी पडते, माणूस गुंगीत जातो. डेक्सामेथासोनने तो पाझर आटतो. गाठ तेवढीच राहते. एक-दोन दिवसांत गुंगीतला माणूस बोलू लागतो, लुळा हात हलवू लागतो.

हे दृश्य ज्याने पाहिले तो मात्रेवर वाद घालत बसला नाही. पहिली सुई १० मिलिग्रॅमची, मग दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम. ४ गुणिले ४, दिवसाला १६. हा आकडा पाठ्यपुस्तकांत गेला, तिथून रुग्णालयांच्या फळ्यांवर आणि केसपेपरवर आला. वेगवेगळ्या मात्रा देऊन, तुलना करून तो ठरलेला नव्हता. तशी तुलना झाली १९९४ मध्ये, नेदरलँड्समध्ये. चार्ल्स फेख्त आणि सहकाऱ्यांनी मेंदूत कर्करोग पसरलेल्या ९६ रुग्णांना ४, ८ किंवा १६ मिलिग्रॅम दिले. मेंदू दबून जीव जाण्याची वेळ आलेली नाही अशा रुग्णांत आठवड्याअखेर ४ चा गुण १६ एवढाच आला. महिनाभरात चेहरा सुजणे, घोटे सुजणे, मांड्यांतले बळ जाऊन खुर्चीतून उठता न येणे, हे १६ वाल्यांत अधिक. म्हणजे तेहतीस वर्षे लाखो सुया एका सवयीवर चालल्या. त्या सवयीने माणसे वाचवलीही असतील, हे मान्य. पण चौपट औषधाचा भुर्दंडही अनेकांनी भरला.

आता पोटाकडे. सुरुवातीचे रोचेस्टरचे दोन कागद आपण पाहिले, १९४४ आणि १९४९ चे. त्याच गावचा तिसरा कागद १९७४ चा आहे, आणि या सगळ्या दप्तरात माझ्या लेखी सर्वांत मोलाचा तोच. ‘कॅन्सर’ नियतकालिक, खंड ३३, पाने १६०७ ते १६०९. तीन पाने. पहिले नाव चार्ल्स मोअर्टेल यांचे. हे गृहस्थ पुढे गाजले ते जर्दाळूच्या बियांतले लेट्राइल आणि क जीवनसत्त्वाचे मोठे डोस यांवरच्या चाचण्यांमुळे. लोकांचा ज्यावर विश्वास बसला आहे ते औषध रीतसर चाचणीत तपासायचे आणि निकाल निर्विकारपणे छापायचा, ही त्यांची रीत. १९७४ मध्ये त्यांनी तीच रीत स्टेरॉइडला लावली, चिठ्ठ्या टाकून आणि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून. जठर, आतडी, स्वादुपिंड यांचे कर्करोग हाताबाहेर गेलेले ११६ रुग्ण. काहींना डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम दिवसातून चारदा, काहींना १.५ मिलिग्रॅम चारदा, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी.

निकाल असा: भूक वाढली, अंगात बळ आल्याचे रुग्णांनी सांगितले, आणि हा फरक बिनऔषधी गोळीच्या गटाहून स्पष्ट होता. वजन वाढले नाही. आयुष्य वाढले नाही. गुण टिकला तो आठवड्यांच्या हिशेबात. आणि एक गोष्ट घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते: बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांतही काहींना बरे वाटले होते. त्याआधीची पंचवीस वर्षे ज्या डॉक्टरांनी ‘स्टेरॉइड दिले आणि रुग्णाला तरतरी आली’ असे म्हटले, त्यांच्या अनुभवात हा हिस्सा मिसळलेला होता. तो वेगळा काढून दाखवणारा हा पहिला ठोस कागद.

इथे तो लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा बाहेर काढावा. स्टेरॉइडांच्या तुल्यमात्रांचे कोष्टक औषधशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळते: २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोन बरोबर ५ प्रेडनिसोलोन, बरोबर ४ मिथिलप्रेडनिसोलोन, बरोबर ०.७५ डेक्सामेथासोन. कोष्टक सूज उतरवण्याच्या ताकदीवर बेतलेले आहे आणि ढोबळ आहे, पण आपल्या कामाला पुरते. मोअर्टेल यांची धाकटी मात्रा, ०.७५ चारदा, म्हणजे दिवसाला ३ मिलिग्रॅम. कॉर्टिसोनच्या हिशेबात १००. २१ सप्टेंबर १९४८ ला त्या बाईला सुरू झाली नेमकी तेवढीच. पाव शतकाने, औषध बदलून, आजार बदलून, त्याच गावात मात्रा पुन्हा त्याच जागी आली. कुणी ठरवून केले असे मी म्हणत नाही, ०.७५ च्या गोळ्या संधिवातासाठी बाजारात होत्याच. पण १९४९ च्या अहवालात कडेला लिहिलेली भूक आणि उभारी १९७४ मध्ये मुख्य पानावर आली, ती त्याच मात्रेला.

मधल्या काळात लंडनच्या सिडनम भागात सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले होते आणि शेवटच्या आजारातला त्रास हाच ज्याचा विषय अशी वैद्यकाची शाखा उभी राहत होती. तिथे स्टेरॉइड सर्रास वापरात आले. ऑक्सफर्डच्या सर मायकेल सोबेल हाउसमधून जेफ्री हँक्स, रॉबर्ट ट्वायक्रॉस आणि सहकारी यांनी १९८३ मध्ये जो अभ्यास छापला त्याच्या शीर्षकातच ‘प्रचलित पद्धतीचे विश्लेषण’ असे आहे. म्हणजे आधी पद्धत पडली, मग ती तपासली. काय काय कारणांनी दिले जात होते? भूक, अशक्तपणा, मज्जारज्जू वा मज्जातंतू दबल्याने होणाऱ्या वेदना, कवटीतला वाढलेला दाब, धाप. एकाच कुपीकडून इतक्या गोष्टींची अपेक्षा.

पुढच्या दोन वर्षांत दोन लेख आले. १९८४ मध्ये ग्लासगोहून केनेथ कॅलमन यांच्या गटाचा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये: रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, भूक वाढली. १९८५ मध्ये ब्युनोस आयर्सहून एदुआर्दो ब्रुएरा यांचा. हा जरा थांबून पाहावा, कारण त्याची मांडणी हुशार आहे. अखेरच्या टप्प्यातले ४० रुग्ण. पाच दिवस मिथिलप्रेडनिसोलोन, रोज ३२ मिलिग्रॅम, किंवा बिनऔषधी गोळी; मग तीन दिवस काहीच नाही; मग पाच दिवस अदलाबदल. प्रत्येक रुग्ण स्वतःच स्वतःची तुलना. वेदना कमी, वेदनाशामके कमी लागली, भूक, खाणे, हालचाल, मनःस्थिती सगळे सुधारले. मग सगळ्यांना वीस दिवस उघडपणे औषध. ५ अधिक ३ अधिक ५ अधिक २०: तेहतिसावा दिवस. त्या दिवशी पुन्हा मोजले तेव्हा मिळालेल्यातले बरेच ओसरले होते. ३२ मिलिग्रॅम मिथिलप्रेडनिसोलोन म्हणजे ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन; मोअर्टेल यांची थोरली मात्रा.

(आणि २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडातल्या रिकव्हरी चाचणीने कोविडसाठी जाहीर केली तीही ६ मिलिग्रॅमच, फार तर दहा दिवस. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे वॉर्ड भरले. अनियंत्रित साखर आणि त्यावर मनमानी मात्रेने, मनमानी दिवस दिलेले स्टेरॉइड हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मात्रा आणि मुदत हे दोन रकाने का वाचायचे, याला मराठी वाचकाला आणखी दाखला नको.)

मज्जारज्जू दबलेल्या रुग्णांचा हिशेब वेगळा. १९९४ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी ५७ रुग्णांवर किरणोपचाराबरोबर रोज ९६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन पाहिले. उपचाराअखेर औषधवाल्यांत ८१ टक्के चालत होते, बाकीच्यांत ६३. किंमत: ११ टक्क्यांना गंभीर दुष्परिणाम. पाय कायमचे जाणार की राहणार, असा प्रश्न असेल तर ही किंमत समजू शकते. भुकेसाठी ती कुणी मोजणार नाही.

एकविसाव्या शतकातले कागद अधिक नेटके आहेत. २०१३, ह्यूस्टन: श्रीराम येन्नुराजलिंगम आणि सहकारी, ज्यांत ब्रुएराही होते. विषय थकवा. डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम दोनदा, १४ दिवस. मोजता आले असे ८४ रुग्ण. थकव्याच्या प्रमाणित मापावर औषधवाल्यांची सुधारणा सरासरी ९ गुण, बिनऔषधी गटाची ३.१. दोन्ही आकडे बोलके आहेत. पहिला सांगतो की गुण खरा. दुसरा सांगतो की एक तृतीयांश सुधारणा कुपीत नव्हतीच. विचारपूस करणारी माणसे, रोजची नोंद, काहीतरी चालू आहे ही जाणीव, यातून ती आली.

२०१४, नॉर्वे: ओर्न्युल्फ पाउल्सेन. औषध आणि मात्रा ब्रुएरांचीच, मिथिलप्रेडनिसोलोन ३२ मिलिग्रॅम. मुदत सात दिवस. रुग्ण मात्र असे की ज्यांना मॉर्फिनच्या जातीची औषधे (ओपिऑइड) आधीच चालू होती. थकवा उतरला, भूक वाढली. वेदनेत काही फरक नाही. ब्युनोस आयर्समध्ये कमी झालेली वेदना नॉर्वेत का कमी झाली नाही? चाचणीच्या रचनेतच उत्तराचा मोठा भाग आहे, असे मला वाटते. पोटभर जेवलेल्याला आणखी एक पोळी वाढून त्याची भूक मोजण्यातला हा प्रकार. ज्याची वेदना ओपिऑइडने आधीच बरीच झाकली आहे त्याच्यात स्टेरॉइडला दाखवायला जागा थोडी उरते. पण याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: सरसकट कर्करोगाच्या वेदनेवर म्हणून ते लिहायला आधार नाही. मज्जातंतू दबलेला आहे, यकृताचे आवरण ताणले गेले आहे, असे नेमके कारण समोर असेल तर डॉक्टर देऊन पाहतात आणि पाच-सात दिवसांत गुण आला नाही तर थांबवतात. गुण आला तर मात्रा उतरवत नेतात. काही आठवडे घेतलेले स्टेरॉइड एका झटक्यात बंद करता येत नाही; शरीराने स्वतःचे उत्पादन तोवर आखडते घेतलेले असते. गोळी सकाळी घ्यायची, नाहीतर रात्र डोळ्यांवर जाते. तोंडात पांढरी बुरशी येते का ते पाहायचे, साखर तपासायची, आणि दुखण्यावरच्या इतर गोळ्या चालू असतील तर पोटातल्या रक्तस्रावाची धास्ती बाळगायची. ट्वायक्रॉस यांनी १९९४ च्या लेखात हे फायदे-तोटे मांडले, ते अजून जुने झालेले नाहीत.

शेवटचा कागद २०२२ चा, ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’तला, पुन्हा ह्यूस्टनचा. डेव्हिड हुई यांच्या नेतृत्वाखाली धापेवरची चाचणी. धाप लागलेल्या १२८ रुग्णांची वाटणी झाली: ८५ जणांना डेक्सामेथासोन, ४३ जणांना बिनऔषधी गोळी. मात्रा आठवडाभर ८ मिलिग्रॅम दोनदा, पुढचा आठवडा ४ दोनदा. पहिल्या आठवड्याचे १६ मिलिग्रॅम, म्हणजे मिनियापोलिसचा १९६१ चा आकडा, इथे फुफ्फुसाच्या कामाला लावलेला. सातव्या दिवशी धापेचा आकडा औषधवाल्यांत सरासरी १.६ ने उतरला होता. बिनऔषधी गटातही १.६ नेच. गंभीर दुष्परिणाम औषधवाल्यांत २८ टक्के, दुसऱ्या गटात ७. जंतुसंसर्ग, झोप उडणे, मन भरकटणे हे त्रास ठळक. पुढे चालवण्यात अर्थ नाही असे दिसल्यावर चाचणी मुदतीआधी थांबवली गेली.

ही चाचणी सरसकट धापेची होती. गाठीने श्वासनलिका आवळली असेल, छातीतली मोठी शीर दबली असेल, फुफ्फुसातल्या लसिकावाहिन्या कर्करोगाने भरल्या असतील, तर स्टेरॉइड आजही दिले जाते. १९८३ च्या ऑक्सफर्डमध्ये दिले जात होते तसेच, देणाऱ्याच्या अनुभवावर.